पाच फूट लांबून

अश्लीलता मोजायची कशी, हा प्रश्न बाकीच्या जगाला पडलेला असेल. महाराष्ट्राला पडत नाही. डान्सबारच्या परवान्यासाठी २०१६ साली ज्या अटी आल्या, त्यांत तिचं माप चक्क फुटांत दिलेलं आहे. मंचाभोवती तीन फूट उंचीचा कठडा हवा, तोही उचलून बाजूला ठेवता येणार नाही असा पक्का, आणि कठड्यापासून गिऱ्हाइकाच्या खुर्चीपर्यंत पाच फूट मोकळी जागा हवी. मंचावर एका वेळी चारच नर्तकी. म्हणजे साडेचार फुटांवरून पाहिला तर जो नाच तरुण पिढीच्या मुळावर उठतो, तोच खुर्ची सहा इंच मागे सरकवली की कायदेशीर धंदा होतो. टेप घेऊन आलेल्या हवालदाराने हे अंतर खुर्चीच्या पायापासून धरायचं की पुढे वाकलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकापासून, एवढा एक बारकावा तेवढा ज्याच्या-त्याच्या विवेकावर राहिला.

या टेपची थट्टा करणं सोपं आहे, पण तिच्यात एक प्रामाणिकपणाही आहे. मुंबईच्या रात्रींबद्दल आपल्या सरकारांचं आणि आपलंही जे काही धोरण आहे, ते पहिल्यापासून अंतराचंच आहे. बाईने काय घातलंय, ती कशी नाचतेय, तिला त्याचे किती पैसे मिळतात, यांवर आपण भाषणं करतो. निर्णय मात्र एकाच गोष्टीवर घेतो: ती आपल्यापासून किती लांब आहे. हे अंतर कधी फुटांत मोजलं जातं, कधी किलोमीटरमध्ये, कधी हॉटेलच्या ताऱ्यांत, तर कधी वर्षांत. पुरेसं अंतर पडलं की तिला कला म्हणतात, आणखी पडलं की वारसा.

आधी तारे घेऊ. २००५ च्या ऑगस्टमध्ये राज्यातले डान्सबार बंद झाले. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील म्हणजे आबा. ग्रामस्वच्छता अभियानामुळे घरोघरी ठाऊक झालेला माणूस, आणि त्यांच्या हेतूबद्दल विरोधकही फारसं वावगं बोलत नसत. पण मुंबई पोलीस कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या कलम ३३ अ ने नाच बंद केला आणि लगेच पुढच्या ३३ ब ने तीन तारे व त्यावरची हॉटेलं, क्लब आणि जिमखाने यांना सोडून दिलं. एकाच पानावर अधर्म आणि त्याची सवलत. ग्रँट रोडला बारा टेबलांच्या बारमध्ये नाच झाला तर समाज बिघडतो. तोच नाच झुंबराखाली झाला तर परदेशी पाहुण्यांची सोय होते. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, पण निकालाला स्थगिती मिळत राहिली आणि प्रकरण दिल्लीला गेलं. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं: नैतिकता गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर ठरत नाही. आता कोणालाही वाटेल की सरकारने गरिबांच्या बारला परवानगी द्यावी. सरकारने उलटा विचार केला. न्यायालयाला समानता हवी ना, मग घ्या. जून २०१४ मध्ये विधिमंडळाने चर्चेशिवाय, एकमताने, पंचतारांकित हॉटेलांतलाही नाच बंद केला. तुला ना मला, घाल कुत्र्याला, ही म्हण एवढ्या एकमताने कायद्यात रूपांतरित झाल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. (ऊस, कापूस आणि पाणी यांवर हे एकमत कुठे जातं, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

किलोमीटरची कथा त्याहून मजेची. २०१५ मध्ये तीही बंदी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली, तेव्हा २०१६ चा नवा कायदा आला. त्यात सरसकट बंदी नव्हती. परवाना मिळेल, फक्त बार शाळेपासून आणि देवळापासून एक किलोमीटर लांब हवा, मालक चांगल्या चारित्र्याचा हवा, नाचाच्या जागी दारू नको, कॅमेरे हवेत. मुंबईचा नकाशा घ्या, प्रत्येक शाळेभोवती, देवळाभोवती, मशिदीभोवती, चर्चभोवती कंपासने एक किलोमीटरचं वर्तुळ काढा. उरेल ती जागा बहुधा समुद्रात असेल. मुंबईत अशी जागा सापडणं अवघड आहे, हे अखेर सर्वोच्च न्यायालयालाच १७ जानेवारी २०१९ च्या निकालात नोंदवावं लागलं. त्याच निकालात अंतराची अट गेली, कॅमेऱ्यांची गेली, दारूची गेली आणि चारित्र्याचीही गेली, कारण चांगलं चारित्र्य म्हणजे काय ते कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट न्यायालयाने नोंदवली: २००५ पासून तोवर एकालाही परवाना मिळालेला नाही. म्हणजे चौदा वर्षांत दोनदा कायदा बदलला, नियम बदलले, वकिलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, आणि परवाने शून्य. एवढं नेमकं उद्दिष्ट राज्यातल्या दुसऱ्या कोणत्या योजनेने गाठलं असेल तर ते जाहीर व्हायला हवं.

पण सगळ्यांत चमत्कारिक अंतर वर्षांचं. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे जे नियम १९६० साली झाले, त्यांच्या लांबलचक नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एका ओळीत बसवलेले आहेत. पोलिसांच्या लेखी तिन्ही एकाच कपाटातल्या फायली. आज त्या ओळीतल्या तमाशाकडे पाहा. स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात, अश्लील म्हणून तमाशावर बंदी आली होती. मग दत्तो वामन पोतदारांसारख्या विद्वानाच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमून तो धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत घेण्यात आला. आज शासन तमाशा कलावंतांना विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं, लावणीचे महोत्सव भरवतं, आणि पहिल्या रांगेत मान्यवर बसतात, बहुधा पाच फुटांच्या आतच. विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या गेल्या, आणि त्यानंतरच्या आपल्या आदरात कधी खंड पडलेला नाही.

तमाशात प्रेक्षक नोटा काढून दाखवतो, त्याला दौलतजादा म्हणतात. हा शब्द आता मराठी नाट्यपरंपरेवरच्या प्रबंधांत तळटीपेसह येतो. डान्सबारमध्ये वेटर दहाच्या नोटांची बंडलं सुटी करून आणायचा, गिऱ्हाईक त्या उधळायचं, पोरं त्या जमिनीवरून गोळा करायची आणि रात्रअखेर बार आणि बाई यांच्यात वाटणी व्हायची. यावर कोणी प्रबंध लिहिला तर चालेल, पण नोट उधळायची नाही. २०१९ च्या निकालानेही उधळण्यावरची बंदी कायम ठेवली, हातात बक्षीस द्यायला हरकत नाही म्हटलं. नोटेने हवेतून किती अंतर कापावं, इथपर्यंत आपण आलो.

कॅबरेचंही तेच. चर्चगेटला अॅस्टोरिया हॉटेलातल्या व्हेनिसमध्ये ख्रिस पेरीचा बँड वाजायचा आणि लॉर्ना गायची, ताजच्या बॉलरूममध्ये चिक चॉकलेटचा ट्रम्पेट, कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये १९७२ साली लेड झेपलिनचे दोघे येऊन वाजवून गेले. या सगळ्यावर पुस्तकं आली, ख्रिस आणि लॉर्नाच्या कहाणीवर बेतलेला कोंकणी सिनेमा आला, सहलीत लोकांना ‘इथे होतं बरं का’ म्हणून दाखवलं जातं. हे सगळं व्हायलाच हवं. ते संगीत उत्तम होतं आणि त्यातल्या गोव्याच्या वादकांचं हिंदी सिनेमावर मोठं ऋण आहे. पण त्याच काळात मुंबईत दारूबंदी होती. ज्याला प्यायची त्याने परवाना काढायचा, आणि तोही आरोग्याच्या कारणासाठी. तो दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि अजून रद्द झालेला नाही, म्हणूनच आपल्याकडे बसून दारू प्यायच्या जागेला आजही ‘परमिट रूम’ म्हणतात. ज्यांच्याकडे परवाना नव्हता ते धारावी-वांद्र्यातल्या आंटीच्या अड्ड्यावर जायचे. त्या अड्ड्यांबद्दलही आता हळवेपणाने लिहिलं जातं. त्या काळच्या पोलिसांनी फोडलेली मडकी मात्र कोणी आठवत नाही.

या सगळ्या युक्तिवादाला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. डान्सबारमध्ये अल्पवयीन मुली आणल्या जात, दलाल होते, मालक वाटणीत लुबाडत, गुंडांचे हात होते. हे खरं आहे. पण शोषण होतं म्हणून कामच बंद करायचं, हा न्याय आपण दुसऱ्या कुठे लावतो? ऊसतोड कामगारांचं शोषण होतं म्हणून ऊस लावणं बंद केल्याचं ऐकिवात नाही. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने महिला संघटनांसोबत पाचशे बारनर्तकींचा जो अभ्यास केला, त्यात यातल्या बहुतेक बायका घर चालवणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या निघाल्या. पंचाहत्तर हजार बायकांची रोजी गेली असा त्यांच्या संघटनेचा दावा होता. आकड्यावर वाद घाला. पण बंदीमुळे अनेकींना थेट देहविक्रयात ढकललं गेलं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या निकालात मान्य केलं आहे. सुटका म्हणतात ती ही. या बायकांना मराठी वर्तमानपत्रांनी ‘बारबाला’ हे नाव दिलं, तेही पाहण्यासारखं आहे. पस्तिशीतली, दोन मुलांची आई, गावी म्हाताऱ्या आईबापांना पैसे पाठवणारी बाई, आणि आपल्या भाषेत ती बाला.

दुसरा आक्षेप पनवेल-उरणकडून येतो. जमिनीचे पैसे आले आणि पोरांनी ते बारमध्ये उडवले, संसार उघड्यावर आले. यातही खोटं काही नाही. पण त्याच पोरांच्या हाताशी त्याच पैशाने परमिट रूमचा दरवाजा सताड उघडा होता, ऑनलाइन लॉटरी होती, चारचाकी गाड्यांची दुकानं होती. दारूवरच्या उत्पादन शुल्काने राज्याची तिजोरी भरते, तेव्हा त्या तरुणाच्या संसाराची चिंता कोणाला वाटत नाही. पैसे उडवायला हरकत नव्हती. पैसे बाईकडे जातात याला हरकत होती. दारूच्या बाटलीवर खर्च झालेला रुपया सरकारकडे परत येतो, नोटांच्या पावसातला येत नाही.

मग बंद झाल्यावर झालं काय? डान्सबार ऑर्केस्ट्रा बार झाले. नाच नाही, गाणं. त्यावरही अट आली: मंचावर चार पुरुष, चार बायका. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही मोडून काढली; एकूण आठ कलाकार ठीक, पण त्यात बायका किती हे सरकारने ठरवायचं नाही. आणि जिथे नाच चालूच राहिला, तिथे तो आणखी आत सरकला. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीच्या एका बारवर छापा पडला. पोलीस बराच वेळ शोधत होते, बायका सापडेनात. शेवटी मेकअपच्या खोलीतला भिंतीला घट्ट बसवलेला मोठा आरसा संशयावरून काढला, तर मागे चोरखोली, आणि तिच्यात सतरा बायका. पोलिसांच्या बोलीत अशा जागेला ‘कॅव्हिटी’ म्हणतात, दाताला पडते ती. त्या सतराजणींपासून सभ्य समाजाचं अंतर त्या रात्री एका आरशाइतकं होतं.

कोणी म्हणेल, तुम्हाला डान्सबार परत हवेत असं स्पष्ट म्हणा ना. तसं म्हणायची गरज नाही, कारण वर्षांचं अंतर आपलं काम शांतपणे करतं आहे. ‘चांदनी बार’ २००१ चा; आज तो अभिजात म्हणून पाहिला जातो. ग्रँट रोडच्या टोपाझ या डान्सबारच्या गोष्टी आता चाळिशी-पन्नाशीतले लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात त्यांचे वडील बहुधा चर्चगेटच्या जॅझबद्दल बोलायचे, आणि मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीने एका रात्रीत तिथे उधळलेल्या रकमेचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतच चालला आहे. कॅबरेला चाळीसेक वर्षं लागली. त्या हिशेबाने २०४५ च्या सुमारास एखाद्या जुन्या बारच्या जागी वारशाचा निळा फलक लागायला हरकत नाही. उद्घाटनाला पालकमंत्री येतील, एखादी ज्येष्ठ नर्तकी सापडली तर तिला शाल-श्रीफळ देतील. अडचण फक्त फलकावरच्या नावाची. बारमध्ये काम करणाऱ्या बायका खरं नाव सांगत नसत. बहुतेकींनी सिनेमातल्या नट्यांची नावं घेतलेली असायची. मालकाचं नाव मात्र परवान्यावर आहे, आणि ते बरोबर लिहिता येईल.