वेगवान गाडीचे ब्रेक ऑइल : नवशिक्यांसाठी

आधी गाडी घ्या. ऑक्टाव्हिया आरएस झेपली तर उत्तम. नाहीतर जुनी पोलो जीटी घेऊन रीमॅप करून घ्या. मग कॅलिपर लाल रंगवा. रंगाने गाडी लवकर थांबत नाही, पण सिग्नलला शेजारचा वाकून बघतो. ब्रेक ऑइलकडे कोणी वाकून बघत नाही, म्हणून त्याची पाळी खिसा रिकामा झाल्यावर येते.

दुकानात जाऊन सर्वांत मोठा आकडा मागा. डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, डॉट ४ किमान २३० ला, डॉट ५.१ किमान २६० ला. आकडे खरे आहेत, पण ते नव्याकोऱ्या ऑइलचे. हे ऑइल हवेतले पाणी पिते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याची चंगळ असते. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर डॉट ४ ची हमी १५५ वर येते, ५.१ ची १८० वर. म्हणजे चार वर्षे न बदललेले ५.१ घेऊन ताम्हिणी उतरणाऱ्यापेक्षा गेल्या महिन्यात साधे डॉट ४ भरलेला जास्त निर्धास्त. ऑइल कॅलिपरमध्ये उकळले की वाफ होते. पाय टाकला की वाफच दबते, चाकापर्यंत जोर पोचत नाही आणि पेडल थेट मॅटला टेकते. अशा वेळी चेहरा शांत ठेवावा. मागे सासूबाई असतात.

डॉट ५ आणि ५.१ ही सख्खी भावंडे समजून मिसळू नका. आडनाव एक असले तरी कुळ वेगळे. ५ सिलिकॉनचे, ५.१ ग्लायकॉलचे, दोघे एकमेकांत मिसळत नाहीत आणि एबीएसच्या गाडीत सिलिकॉन चालत नाही.

रेसिंगचे ऑइल तीनशे अंशांच्याही पुढे जाते. कोइंबतूरच्या ट्रॅकवर जाणाऱ्याने ते जरूर घ्यावे आणि वरचेवर बदलावे. फक्त कॉलेज रोडवर फिरायचे असेल तर डब्याचा फोटो पुरे. गाडीला नेमके काय लागते ते मॅन्युअलमध्ये छापलेले असते. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये, जुन्या पीयूसींच्या खाली.

उरलेला अर्धा डबा 'पुढच्या वेळी होईल' म्हणून माळ्यावर टाका. झाकण उघडल्यापासून तोही पाणी पीतच असतो, तेव्हा पुढच्या वेळी तो निमूटपणे गॅरेजवाल्याकडे विल्हेवाटीला द्या.

हवा काढताना पेडलवर मेव्हण्याला बसवा. तुम्ही 'दाब' म्हणालात की त्याने दाबायचे, तुम्ही निपल सैल करायचा, पुन्हा आवळायचा आणि मगच त्याने पाय उचलायचा. 'सोडू का?' असा आवाज आला तर सगळे ठीक आहे. 'सोडला' असा आला तर हवा पुन्हा आत. चहा सांगा आणि त्याच चाकापासून परत सुरू करा.