गच्चीवरचा हॉट टब

हॉट टब ही बड्या लोकांची चैन, असा सोलापुरात एक गैरसमज आहे. एप्रिलात पारा ४२-४३ला टेकला की इथल्या गच्च्यागच्च्यांवर हॉट टब आपोआप तयार होतात: काळे, प्लास्टिकचे, हजार लिटरचे, झाकणाचे आटे गेल्यामुळे वर वीट ठेवलेले. टबातल्या पाण्याला ४० अंश ही कमाल मर्यादा मानतात. आपली टाकी दुपारी तीनच्या सुमारास त्या मर्यादेशी फुकटात सलगी करते. फरक देखभालीत आहे. टबवाला दर दोन-चार दिवसांनी कागदी पट्टी बुडवून रंग जुळवतो: क्लोरीन लिटरमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.८. टाकीवाला फक्त 'भरली का?' एवढंच विचारतो. वास्तविक टबवाल्याचे हे नुसते चोचले नव्हेत. कोमट पाणी जंतूंना मानवतं आणि क्लोरीन मात्र उष्णतेनं लवकर खर्ची पडतो. त्यात पीएच ८वर गेला की शिल्लक क्लोरीनपैकी जेमतेम पाव हिस्सा जोमानं काम करतो. बाकीचा सरकारी कचेरीतल्यासारखा हजेरीपुरता असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: महापालिका क्लोरीन घालूनच सोडते की! सोडते ना. ग्राहकापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरावा, असं भारतीय मानकच आहे. पण उजनीहून शंभरावर किलोमीटर आलेलं हे पाणी मिळतं चार-पाच दिवसांआड. म्हणजे ते घरात आल्यावर टाकीत, हौदात, बॅरलमध्ये मुक्कामच ठोकतं, आणि तो एवढासा क्लोरीन मुक्काम संपेपर्यंत तग धरेल अशी आशा कुणी करू नये. दुसरा आक्षेप तुरटीचा. तुरटी फिरवली की पाणी निवळशंख होतं, हे खरंच. पण तुरटी गाळ खाली बसवते. जंतूंचा नायनाट ही तिची जबाबदारी नव्हे. शिवाय बसलेला गाळ जातो कुठे? तळाशीच असतो. पुढच्या वेळी नळ आला, मोटार लावली, की वरून पडणारी धार त्याला पुन्हा उठवते आणि आपण पुन्हा तुरटी शोधायला लागतो. टाकी रिकामी करून घासणं हा यावरचा इलाज; पण पाच दिवसांनी येणारं पाणी ओतून द्यायला सोलापूरकराचा हात धजत नाही, आणि इथे त्याला दोष देववत नाही.

शेवटचा आक्षेप बिनतोड वाटतो: आम्ही टाकीत बसत नाही! कबूल. टबवाला पाण्यात बसतो, पण ते पीत नाही. आपण बसत नाही, पण दात त्यानंच घासतो, कणीक त्यातच मळतो, आणि बॅरलमधून तांब्या काढताना कोपरापर्यंत हात बुडवतो तो वेगळाच. आता जास्त निगा कुणाच्या पाण्याची हवी?

बरं, खर्चही फारसा नाही. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण तिसरा हिस्सा क्लोरीन असतो. मात्र पुडी उघडी राहिली की तो उडून जातो, त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून मोरीत लटकलेल्या पुडीवर भिस्त ठेवू नये. आणि तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी वापरतात ती ओटी टेस्ट आहेच. थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पिवळं पाणी बघून सोलापूरकरानं खूश व्हावं असा हा एकमेव प्रसंग.