धडगावचं अधिक-उणे

नंदुरबार जिल्ह्यातलं कुपोषण तीन टक्क्यांनी घटलं, असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं की खालून हळूच विचारावं : साहेब, अधिक-उणे किती?

हिशेब कॅलक्युलेटरवर होतो. समजा जिल्ह्यातली 400 मुलं तोलली आणि 55 टक्के कमी वजनाची निघाली. 0.55 गुणिले 0.45, भागिले 400, त्याचं वर्गमूळ, गुणिले 1.96. उत्तर सुमारे 5 टक्के, हेच अधिक-उणे. म्हणजे पट्टा 50 ते 60. अशा शंभर पाहण्या केल्या, तर पाचेक वेळा खरा आकडा त्या त्या पाहणीच्या पट्ट्याच्याही बाहेर. पुढच्या पाहणीत तितक्याच मुलांत 52 आले, तर फरक 3 आणि त्या फरकाचं अधिक-उणे 7. घट झाली की वाढ, देव जाणे. पेढे मात्र वाटून झालेले. त्यात मुलं निवडतात मोजक्या गावांतून, घोळक्याने. त्यामुळे 400 मुलांची माहिती 400 इतकी भरत नाही, पट्टा आणखी फुगतो. तो निम्मा करायचा तर मुलं चौपट तोला.

हे शास्त्र परकंही नाही. नमुना पाहणीवरचा जाडजूड ग्रंथ 1954 साली लिहिणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात अधिक-उणेचा रकाना नाही. कबुली फक्त कंसाची : नोंदी 25 ते 49 असतील तर आकडा कंसात, त्याहून कमी असतील तर नुसती चांदणी. धडगाव तालुक्याच्या नशिबी कंसही नाही, कारण पत्रक जिल्ह्यापाशीच थांबतं. सपाटीवरचा शहादा आणि सातपुड्यातले पाडे एकाच सरासरीत. (तालुक्याचं कागदावरचं नाव अक्राणी, गाव धडगाव. इथे नावालाही अधिक-उणे आहे.)

आणि 1.96 ने गुणून पकडता येते ती फक्त नशिबाची चूक. दिवाळी झाली की पाड्यावरची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. पाहणीवाला डोंगर चढून येतो, बंद दारासमोर उभा राहतो, 'घरी कोणी नाही' असं नोंदवतो. वजनकाटा त्याच्या पिशवीत. मूल बारडोलीकडच्या फडात, मोळीच्या सावलीला.