संशयाचा आलेख

कार्यालयाचं इंटरनेट ज्या सर्व्हरमधून जातं तो सर्व्हर मंदावला, की पहिली शोधमोहीम निघते ती माणसांची. नवा मुलगा सिनेमे उतरवत असणार, हिशेब खात्यातल्या बाई मालिका बघत असणार. आणि भारताचा सामना चालू असेल तर पुराव्याची गरजच उरत नाही. खरं तर त्याच सर्व्हरवर लिनक्सचा कर्नल येणारा-जाणारा प्रत्येक बाइट निमूटपणे मोजत असतो. पण त्याला विचारतो कोण? म्हणून माझं म्हणणं असं, की बँडविड्थची नोंद चोर पकडण्यासाठी ठेवायची नसते, निरपराध माणसं सुटावीत म्हणून ठेवायची असते. १९९४-९५च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी हे लाइनवरची वाहतूक मोजणारं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा त्यांच्यापुढे ६४ किलोबिटची एकच सामाईक लाइन होती. एवढ्याशा लाइनवर किती जणांवर किती संशय घेता आला असता! त्यांनी पहारेकरी बसवला नाही, दर ५ मिनिटांनी आकडा वाचून आलेख काढला. अशा आलेखात रोज रात्री ठीक २ वाजता सुळका दिसला, तर तो माणसाचा नाही हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. इतका वक्तशीरपणा आपल्या कार्यालयात फक्त बॅकअपकडे असतो.

यावर कोणी म्हणेल, आकड्यावरून फक्त एकूण खप कळतो, खाणारा कोण ते कुठे कळतं? आक्षेप रास्त आहे. सोसायटीच्या सामाईक मीटरवरून पाण्याचा एकूण वापर कळतो, कोणाचा नळ रात्रभर वाहत होता ते कळत नाही. त्यासाठी वेगळी अवजारं आहेत : आयएफटॉप कोणत्या पत्त्याशी किती देवाणघेवाण चालू आहे ते दाखवतं, नेटहॉग्स कोणता प्रोग्रॅम किती ओढतो ते सांगतं. मात्र ही दोन्ही चालू क्षणाची साक्षीदार. काल रात्रीचं विचाराल तर हात वर करतात. कर्नलची पाटीही यंत्र पुन्हा सुरू झालं की कोरी होते. काल-परवाचा हिशेब हवा असेल तर व्हीएनस्टॅटसारखी वही आधीपासून लिहावी लागते. ती कर्नलचेच आकडे उतरवून घेते, पाकिटं उघडून बघत नाही. म्हणजे यंत्रावर भार नाही आणि कोणाच्या खासगी गोष्टींत नाक खुपसणंही नाही.

दुसरा आक्षेप असा, की सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी आलेख दाखवतेच, मग आपण कशाला मोजायचं? पण तो आलेख बहुधा सरासरीचा असतो. गिगाबिटची लाइन १५ सेकंद तुडुंब भरली आणि उरलेला वेळ मोकळी राहिली, तर ५ मिनिटांच्या सरासरीत ती फक्त ५ टक्के भरलेली दिसते. ग्राहक ओरडत असतो आणि आलेख झोपलेला. जुना ३२ बिटांचा मोजणारा आकडा तर त्या वेगाला सुमारे ३४ सेकंदांतच भरून पुन्हा शून्यावर येतो, म्हणून ६४ बिटांचा वापरावा लागतो. बिलाची तऱ्हा आणखी न्यारी. ९५व्या शतमानाच्या पद्धतीत महिन्यातले सर्वांत चढे ५ टक्के नमुने सोडून देतात, म्हणजे ३० दिवसांत ३६ तास उधळपट्टी माफ. सदतिसाव्या तासापासून मात्र तोच चढा दर अख्ख्या महिन्याला लागू शकतो. क्लाउडवर बहुधा आत येणारा डेटा फुकट आणि बाहेर जाणारा मोजून. त्यात लाइन विकतात बिटांत आणि फायली मोजतात बाइटांत, त्यामुळे आठपटीचा घोळ दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे घालता येतो.

तेव्हा सर्व्हर घेतला त्याच दिवशी नोंद सुरू करा. तक्रार आल्यावर सुरू केलेल्या नोंदीत तक्रारीआधीचं काहीच नसतं. आणि आलेख हाती येईपर्यंत हिशेबातल्या बाईंना त्यांची मालिका सुखाने बघू द्या.