छातीच्या उंचीवरची मिठी

मराठीत मिठीला शब्दांचा तोटा नाही. लेकरू कुशीत, मित्र गळ्यात, पुढाऱ्यांची गळाभेट; मृत्यूला मात्र कवटाळायचे असते, तेही बातम्यांत.

२०२३ मध्ये पशू कल्याण मंडळाने १४ फेब्रुवारीला गायीला मिठी मारायचे आवाहन केले आणि १० तारखेलाच मागे घेतले. गडचिरोलीतली सरकारी माया इतकी चंचल नाही. तोडीला निघालेल्या प्रत्येक झाडाला ती मिळतेच. कर्मचारी जमिनीपासून १.३७ मीटरवर, शास्त्राच्या भाषेत ‘छातीच्या उंचीवर’, टेप गुंडाळतो. बरोबर काळजापाशी! मग वहीत घेर, बुंध्यावर क्रमांक, हातोड्याचा शिक्का. साग, मोह, येन, कुणाशी दुजाभाव नाही.

१९७४ साली गढवालच्या रैणी गावच्या बायकाही झाडांना बिलगल्या होत्या. पण त्यात स्वार्थ होता, झाड उभे राहावे हा. आमची मिठी निरपेक्ष. आणि पहाटेपासून मोहाखाली फुले वेचणारी माडिया बाई? तिने आयुष्यात एकदा तरी घेर नोंदवला का? प्रेम असे बेहिशेबी असू नये.

म्हणून नम्र सूचना : यापुढे प्रस्तावांत ‘वृक्षतोड’ हा रांगडा शब्द नको, ‘गळाभेट’ लिहावे. खाणीसाठी लाखभर गळाभेटी म्हटले की हरकतीही मवाळ येतील.

वाईट वाटते ते आलापल्लीच्या वनवैभवातल्या सागांचे. दोघातिघांच्या कवेत न मावणारे. पण २०१४ साली ते जंगल जैवविविधता वारसा स्थळ ठरले आणि हे साग या मायेला मुकले.

अजून उभेच आहेत बिचारे.