लंडनला जाताय? पाणी बघून या

केळीला चांगला भाव मिळाला की आमच्या बुऱ्हाणपुरातली मंडळी आता युरोपची टूर काढतात. काढावी. जग पाहायलाच हवं. पण लंडनच्या वाट्याला येतात जेमतेम दोन दिवस, त्यातला निम्मा वेळ बसमध्ये जातो, आणि परतल्यावर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बिग बेन, लंडन आय, टॉवर ब्रिज. राजधानी एवढीच असते का?

तिथे न्यू रिव्हर बघा. नाव नदीचं, पण आहे तो माणसांनी खोदलेला कालवा. ह्यू मिडल्टन नावाच्या सोनाराने हर्टफर्डशायरमधल्या झऱ्यांचं पाणी साठेक किलोमीटर वळणावळणाने, निव्वळ उतारावर लंडनपर्यंत आणलं. काम अडलं तेव्हा पहिल्या जेम्स राजाने निम्मा खर्च उचलला, निम्म्या नफ्याच्या बोलीवर. १६१३ साली पाणी शहरात पोचलं. तो कालवा आजही लंडनला पाणी पुरवतो, आणि त्याच्या काठाने चालायला पायवाट आहे.

याच जेम्सचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५मध्ये आपल्या गावात आला होता. मुक्काम दोनेक आठवडे. तापाने फणफणला, शाहजादा परवेझला भेटला, व्यापाराची परवानगी मिळवली आणि लिहून ठेवलं की शाहजाद्याचा वाडा, खान-ए-खानानचा वाडा आणि आणखी थोडी घरं सोडली, तर हे गाव म्हणजे मातीची खोपटी. धावत्या भेटीत एवढंच दिसतं. ज्या खान-ए-खानानचा वाडा त्याच्या नजरेत भरला, त्याच अब्दुर्रहीमच्या कारकिर्दीत, कुंडी भांडारा या भुयारी पाणीयोजनेचं साल सांगतात त्याच १६१५मध्ये, शहराबाहेर जमिनीखाली पाण्याची वाट खोदली जात होती.

सातपुड्यात मुरलेलं पाणी तापीकडे झिरपतं. ते मधेच भुयारांत धरायचं आणि उतारावर शहरात आणायचं. ना मोट, ना पंप. वरून पाहिलं तर रानात विहिरींची तोंडं एका ओळीत दिसतात, अशा शंभराहून अधिक कुंड्या. त्यातल्या एकीत ऐंशीएक फूट खाली उतरलं की दोन्ही भिंती चुन्याने पांढऱ्याफटक, आणि पायाशी वाहतं, थंड, नितळ पाणी. चारशे वर्षं वाहतंय ते.

पण तो चुनाच आता गळा आवळतोय. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पुटं चढतात, तसे भुयारांचे मार्ग अरुंद होत चाललेत. वर केळीसाठी बोअरमागून बोअर. मुरलेलं पाणी भुयारापर्यंत पोचण्याआधीच उपसलं जातं. केळी आपलं पोट भरते, हे मीही जाणतो. पण डोंगराखालचं पाणी आटलं तर केळीही उभी राहणार नाही. २०२४ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कुंडी भांडाऱ्याचं नाव आलं, तेव्हा पेढे वाटले गेले असतील तर वाटू देत. यादीने भुयारात पाणी येत नाही.

कुंड्यांच्या वरच्या अंगाला नवी बोअर बंद करा. चुना जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली ठरल्या वेळी काढा. पावसाचं पाणी डोंगरपायथ्याशी जिरवा. आणि हे जिथे ठरेल, त्या बैठकीला लंडन पाहून आलेल्या केळीवाल्यांनी पुढच्या रांगेत बसावं.