सोनं ओळखावं कसं? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : एक मोजपट्टी, दोन बोटं आणि ‘झाडांतलं मला विचारा’ म्हणणारा एक शेजारी. पट्टी मुलाच्या कंपासपेटीतून घ्यावी. शेजारी सोलापुरात न मागता मिळतो.

पायरी पहिली. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मधल्या मारुतीजवळ जा. पोत्यावर हिरव्या पानांचा ढीग दिसेल. एक पान उचला. मधोमध फाट, दोन फाका. “आपटाच हाय की!” विकणारा सांगेल. इथे नवशिका पैसे काढतो. तुम्ही पट्टी काढा.

दोन फाका म्हणजे आपटा, हीच मूळ चूक. कांचनाचं पानही तसंच असतं, कारण दोघंही बौहिनिया या एकाच घराण्यातले. जोहान आणि कास्पर बौहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून ते नाव पडलं, दोन फाका म्हणजे दोन भाऊ. (आपल्याकडे दोन भावांना एका देठावर बसवायचं तर आधी सातबारा वेगळा करावा लागला असता.) फाट किती खोल आहे यावरही वाद घालत बसू नका, त्यात शेजारी जिंकतो.

पायरी दुसरी. पान मोजा. आपट्याचं पान लहान, साधारण तीन ते पाच सेंटिमीटर, आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं तळहाताएवढं होतं. मग ते दोन बोटांत चोळा. आपटा जाड, चिवट, पाठीमागून राखट लवेचा. कांचन त्यामानाने पातळ, गुळगुळीत. बोटांवर विश्वास नसेल तर विडी वळणाऱ्या एखाद्या मावशींना दाखवा. त्यांचा सराव तेंदूच्या पानाचा, पण आपट्याच्या पानाच्याही विड्या वळतात आणि पानाची जाडी त्या न बघता सांगतील.

पायरी तिसरी, झाडाखाली उभं राहून. आपटा शिस्तीचा नाही. खोड वाकडं, साल काळपट आणि खरबरीत, फांद्या खाली लोंबलेल्या. मुरमाड माळावर तो खुशाल उभा असतो, म्हणून बंगल्याच्या फाटकाशी त्याला कुणी बोलावत नाही. तिथे लागतो कांचन, फुलांसाठी. नवरात्रात झाडावर मोठी गुलाबी-जांभळी फुलं दिसली तर पट्टी खिशात ठेवा, तो कांचनच. आपट्याची फुलं उन्हाळ्यात येतात, बारीक, फिकट पिवळसर, तुऱ्यांनी. तेव्हा ती बघायला कुणीच नसतं. शेंगा सापडल्या तर उत्तमच. कांचनाची चपटी शेंग वाळली की तडकून पिळवटते. आपट्याची जाड, विळ्यासारखी वाकडी शेंग आपणहून तोंड उघडत नाही.

इथवर आलात आणि पूर्व भागात राहत असाल, तर सगळं विसरा. तेलुगू घरात सोनं म्हणजे जम्मी, कन्नड घरात बन्नी, आणि दोन्ही म्हणजे शमी. तिथे फाका नाहीत, बारीक बारीक पर्णिका आहेत, वर काटे. माळावरची वेडी बाभूळ तिच्याच नात्यातली, अमेरिकेतून आलेली, आणि नवशिका नेमका तिच्यावर हात घालतो. शमीचे काटे आखूड, फांदीवर कुठेही विखुरलेले. वेड्या बाभळीचे लांब आणि बहुधा पानाच्या बगलेत जोडीने. ही परीक्षा बोटांनी घेऊ नये.

पायरी शेवटची, आणि सर्वांत खात्रीची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विजापूर रोडच्या वसाहतींतून सकाळी फेरी मारा. हात पोचेल तिथवर वस्तऱ्याने भादरल्यासारखं झालेलं जे झाड दिसेल, तो कांचन. आपट्याच्या नावावर तो दरवर्षी लुटला जातो. खरा आपटा तिकडे माळावर भरल्या पानांनी उभा असतो.

मी गेल्या वर्षी या सगळ्या पायऱ्या नीट पाळल्या. माळ हिंडून एकच पान आणलं, मोजून, चोळून, देठासकट. संध्याकाळी शेजारच्या काकांना वाकून नमस्कार केला आणि ते त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि आत हाक मारली, “अगं, बघ, याने एवढंसंच दिलंय. समोरच्यांनी बघ केवढं मोठं सोनं दिलं!”